अहो, नाताळातही फराळ असतो!

ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला. भाजी करपली तर करपू दे! मला काहीतरी सापडलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. घरच्यांना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही सांगून झालं (ते तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले, त्यांना पाचव्यावर जायचं होतं अशी मला दाट शंका आहे), आणि आता तुम्ही सापडलात!

तर बातमी अशी: फराळ वर्षातून दोनदा असतो!

हो! दोनदा! एकदा दिवाळीत, आणि मग चकलीचा सोऱ्या घासूनपुसून माळ्यावर जातो न जातो तोच पुन्हा डिसेंबरात! करंज्या! शंकरपाळे! चकल्या! शेव! आणि हे सगळं कुठे लांब नाही, इथे नाशकात, द्वारकेला, आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर!

द्वारका म्हणजे कृष्णाची नव्हे हं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात आणि मग कुणी आधी जायचं यावर दिवसभर वाद घालतात, तो आमचा चौक. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, ट्रक, भाजीच्या गाड्या, आणि हॉर्न तर असे की आमच्या घरात टीव्हीचा आवाज नेहमी तीस. या असल्या ठिकाणी कुणाला काही सापडेल का? पण सापडलं! आम्ही यंदाच इथे राहायला आलो आणि वरच्या मजल्यावर जे कुटुंब राहतं ते मराठी ख्रिस्ती आहे. आजी मूळच्या राहुरीकडच्या, त्यांचा मुलगा इथेच नोकरीला, सून वसईची, नात कॉलेजात, नातू चौथीत. मी सुनेला वहिनी म्हणते, मुलाला दादा आणि आजींना आजी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला यातलं काही कळत नाही! चर्चमध्ये कधी उठायचं आणि कधी बसायचं हे मला पुढच्या ओळीतल्या बाईंच्या पाठीकडे बघून कळतं. तेव्हा अभ्यासपूर्ण वगैरे लेख हवा असेल तर पान उलटा. मागे लागून यायचं असेल तर चला, जिना चढू. लिफ्ट नको, आपल्याला घाई आहे!

सगळ्यात आधी दिसला तो स्टार. नोव्हेंबर सरता सरता वरच्या गॅलरीत तो चढला आणि मी खालून बघते तर काय, त्याच्या बरोबर खाली आमचा आकाशकंदील! तो आम्ही अजून उतरवला नव्हता (आमच्याकडे तो संक्रांतीपर्यंत लोंबतोच, त्याला आम्ही सजावट म्हणतो). वर चांदणी, खाली कंदील, आणि दोन्हीत त्याच बांबूच्या कामट्या, तोच पतंगी कागद, तीच खळ! कारण स्टार विकतचा नव्हता, नातवाने केलेला होता. एक टोक जरा वाकडं होतं. ते टोक म्हणे पूर्व दाखवतं. ते पश्चिमेकडे होतं, पण ते जाऊ दे!

मग मी रात्री बसून वाचलं, कारण मला झोप येईना. हा कागदी स्टार जगभर लोकप्रिय झाला त्यात जर्मनीतल्या निस्की गावच्या एका शाळेचा मोठा वाटा आहे. मोरेव्हियन पंथाच्या लोकांची शाळा, गोष्ट 1830 च्या दशकातली. आणि तिथे तो तारा कशासाठी बनवायला लावला? भूमिती शिकवायला! भूमिती! कोन, त्रिकोण, घनाकृती! मला जर शाळेत भूमितीच्या तासाला कंदील करायला लावला असता तर माझे मार्क कुठल्या कुठे गेले असते!

आणि मग ते चार रविवार! नाताळ म्हणजे पंचवीस तारीख, एवढंच ना? नाही! त्याच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, म्हणजे वाट बघण्याचे दिवस. वहिनींनी एका ताटात हिरव्या फांद्यांचं कडं करून त्यात चार मेणबत्त्या लावल्या होत्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्याला दोन. घरातल्या पोराला दिवस मोजता यावेत म्हणून याहून सोपी युक्ती कुणाला सुचली असेल का! सुचली होती ती हांबुर्गच्या योहान विखर्न यांना, 1839 मध्ये. ते अनाथ, गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे आणि मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी? तर त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या! चाक! मला हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्यासुद्धा. नवरा जागा झाला.

आता गॅलरीत या. जपून, पाय ठेवाल तिथे रायगड आहे.

म्हणजे झालं असं की नातवाने दिवाळीत खालच्या मजल्यावरच्या पोरांबरोबर किल्ला केला होता आणि तो मोडायचा कंटाळा. आणि मग डिसेंबर उजाडला, आणि मग गोठा करायचा होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की डोंगर तर तयारच आहे! बुरूज काढले, खाली गुहा कोरली, वर गवताचं छप्पर, कडेने हळीव पेरले, ते उगवून हिरवेगार झाले, आणि बेथलेहेम तयार! मेरी, योसेफ, गाय, गाढव, मेंढरं, तीन ज्ञानी पुरुष उंटांवर. ते उंट रोज एक वीत पुढे सरकतात! खरंच! पोहोचायचे ते 6 जानेवारीला, म्हणून त्यांना पार पाण्याच्या टाकीपासून चालवत आणतात! आणि गव्हाणी रिकामी. मी विचारलं, बाळ हरवलं का रे? तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पुन्हा पहिलीत बसवलं जाणार असं वाटलं. "काकू, अजून जन्म कुठे झालाय?" बाळ चोवीसच्या रात्री ठेवायचं. तोवर ते कपाटात, आजींच्या लोकरीच्या मोज्यात!

पण खरी गंमत पुढे आहे. मेंढपाळ दोनच होते, तिसरा गेल्या वर्षी फुटला. मग त्याच्या जागी उभा कोण? मावळा! ढाल-तलवारीसकट! मेंढरांच्या मधोमध! वहिनी म्हणाल्या, अरे तलवार तरी काढ. ती निघत नव्हती, एकसंध प्लास्टिकची. शेवटी आजींनी निकाल दिला: "राहू दे. त्यालाही बाळ बघायचंय." आणि मग तो राहिला!

असा गोठा मांडायची प्रथा इटलीतल्या ग्रेचो गावाने जगाला दिली, 1223 च्या नाताळात. असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथे गवत, खरी गव्हाणी, जिवंत बैल आणि गाढव आणून लोकांना म्हटलं, बघा, असं झालं होतं. म्हणजे आठशे वर्षांपासून माणसं दरवर्षी हा खेळ मांडतायत, आणि त्यात आमच्या द्वारकेचा मावळा!

बरं, आता स्वयंपाकघर. इथे जरा बसा, इथे खूप आहे.

जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, मधे परात, भोवती बायका. आजींच्या महिला मंडळातल्या दोघी, वहिनी, नात (कानात गाणी, हातात लाटणं), आणि मी, आगंतुक. करंजी साट्याची! तुम्ही साट्याची करंजी केली आहे का? मी आजवर नुसती खाल्ली होती. आजी तीन पोळ्या लाटतात, पातळ, अगदी खालचं वर्तमानपत्र वाचता येईल इतक्या पातळ. एकीवर साटा लावायचा, म्हणजे फेसलेलं तूप आणि त्यात तांदळाची पिठी. त्यावर दुसरी, पुन्हा साटा, त्यावर तिसरी, पुन्हा साटा, आणि मग घट्ट गुंडाळी. ती कापायची, आणि कापलेली बाजू जराशी दाबून तिची पुरी लाटायची. सारणात खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, पिठीसाखर, वेलची. कड बंद करून कातणं फिरवायचं, कर्रर्र! आणि मग ती तेलात पडते आणि पदर सुटतात! एकेक! डोळ्यांसमोर! मी ओरडलेच, "सुटले सुटले!" आजी म्हणाल्या, "सुटणारच. सुटायला नकोत?"

त्यांना काही विशेष वाटत नव्हतं! हेच तर! राहुरी, श्रीरामपूर, अहिल्यानगर, जालना, नाशिक, सगळीकडे त्यांच्या लोकांच्या घरी नाताळाला हे असंच असतं, आईच्या घरी होतं, आजीच्या घरी होतं. "मग नाताळाला काय नुसता केक खायचा?" आजी म्हणाल्या, आणि केक या शब्दाला त्यांनी जो स्वर लावला तो मी घरी येऊन आरशासमोर करून पाहिला. जमला नाही.

केक होता बरं का. वहिनींचा. आणि वहिनींच्या फुग्याही! वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे फुग्या, आणि फुगी म्हणजे मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, सगळं भिजवून रात्रभर फुगवायचं. पूर्वी त्यात माडी घालत, ताडामाडाची, तिने पीठ फसफसून वर यायचं. आता यीस्ट. पण वसईची हवा दमट आणि उबदार, आणि आमच्या नाशकात डिसेंबरात काय असतं? निफाडचा पारा रोज पेपरात! पीठ जागचं हलेना. वहिनी दर तासाला झाकण उघडून बघतायत, आजी "सांगितलं होतं" या चेहऱ्याने शंकरपाळे कापतायत. शेवटी ते पातेलं आधी पंच्यात, मग गोधडीत गुंडाळलं आणि फ्रीजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे ठेवलं, आणि घरात सगळ्यांना हळू बोलायची ताकीद. पिठाला काय ऐकू येतं? कोण विचारणार! मीसुद्धा कुजबुजत होते!

आणि सकाळी ते काठाला आलं होतं! मग वहिनींनी डाव्या हाताच्या मुठीत पीठ घेतलं, मूठ हळूच दाबली, अंगठा आणि तर्जनीच्या मधून एक गोळा वर आला, ओल्या बोटाने तो उचलला आणि तेलात सोडला. एका क्षणात टम्म! पोकळ, सोनेरी, गोल! मी म्हटलं मी करून बघू? माझी फुगी शेपटीवाली निघाली. नातवाने तिला उंदीर म्हटलं आणि खाल्लं.

मग नानकटाई! ती घरी होत नाही, ती भट्टीवर. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आपलं आपण साहित्य न्यायचं, मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलची, आणि बेकरीवाला पोरगा ते मळून, वळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून भट्टीत सारतो. रांग लागलेली, प्रत्येकीच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यावर चिकटपट्टीने नाव, आणि सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर, आपलं तूप दुसरीच्या पिठात जात नाही ना! आजी तर थेट भट्टीच्या तोंडाशी उभ्या. पोरगा म्हणाला, आजी, मागं व्हा, धग लागेल. आजी म्हणाल्या, "तुझ्या आधीपासून भट्टी बघतेय." पहिला ट्रे बाहेर आला, वरून चिरा पडलेल्या, कडा जराशा लालसर, आणि त्या वासाने मला रडूच आलं असतं, पण तोंडात नानकटाई होती.

दमलात? बसून घ्या. कारण आता रात्री कॅरल आहे!

कॅरल म्हणजे चर्चचा तरुण संघ रात्री घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणतो. मला वाटलं चारसहा मुलं येतील, गिटारवर काहीतरी इंग्रजी म्हणतील आणि जातील. कसलं काय! टेम्पोच आला! ढोलकी, खंजिरी, टाळ, एक गिटार, आणि कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज, ज्याच्या पायात धावायचे बूट आणि ज्याची दाढी गाताना वर-खाली होत होती. आणि मग ढोलकीवर जी थाप पडली! मराठी गाणी! ठेका असा की पाय धरून ठेवावे लागतात! बाळाच्या जन्माचा आनंद, देवदूत, मेंढपाळ, सगळं मराठीत, आणि चाली तर भजनाच्या, लोकगीताच्या. आमचे वॉचमनकाका काठी भिंतीला टेकवून नाचायला लागले. द्वारकेचे हॉर्न ऐकूच आले नाहीत, पहिल्यांदाच! दोन गाणी, मग एकाने छोटीशी प्रार्थना केली, त्यात आजींच्या गुडघ्यांचाही उल्लेख होता, आणि मग चहा, करंज्या, पाकीट, आणि पुढचं घर.

आणि मग मी पण गेले! का ते विचारू नका. माकडटोपी घातली, शाल घेतली आणि टेम्पोत चढले. काठे गल्ली, अशोका मार्ग, मग कुठल्या कुठल्या सोसायट्या. प्रत्येक घरात तेच स्वागत, तोच चहा, वेगळी चकली. मला शब्द येत नव्हते म्हणून मला टाळ दिले. टाळ! मला! माझा ताल कसा आहे हे माझ्या माहेरी विचारा. पण ढोलकीवाला मुलगा इतका भला होता की तो माझ्याकडे बघून ठेका बदलायचा.

ही गाणी लिहिली कुणी, हे मी दुसऱ्या दिवशी आजींना विचारलं. त्यांनी उशाजवळून एक पुस्तक काढलं, खाकी कव्हर घातलेलं, कडा झिजलेल्या. 'उपासना संगीत'. मराठी चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक. आजी गाणं नावाने सांगत नाहीत, नंबराने सांगतात! नंबर म्हटला की घरातले सगळे सुरू! आणि त्यात जागोजागी नाव टिळकांचं. ते टिळक नव्हेत! हे नारायण वामन टिळक, त्या जखमी पक्षिणीची कविता शाळेत पाठ केली होती ना, त्या कवितेचे कवी! 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग अभंग, भजन, कीर्तन यांतून ख्रिस्ताचं गाणं मराठी केलं. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे'वाल्या! त्या तर आमच्या नाशिकच्या, जवळच्या जलालपूरला 1868 मध्ये जन्मलेल्या! 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला 1934 मध्ये आणि 1936 मध्ये त्या नाशकातच वारल्या. टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी पूर्ण केलं. फारशी शाळा न शिकलेल्या बाईने! मी 'स्मृतिचित्रे' कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता आजींकडून मागून आणलंय आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातायत.

आणि त्याच्याही मागे जा! 1616! फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात येतो, मराठी शिकतो, आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापलं जातं. ओवीत! हजारो ओव्या! तुकोबा तेव्हा लहान होते हो! मी हे आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो, माहीत आहे." त्यांना सगळंच माहीत असतं. फार त्रास होतो त्याचा.

तर चोवीसची रात्र. वहिनी कॅथलिक, त्यांची मिस्सा रात्री, त्र्यंबक रोडच्या होली क्रॉस चर्चला. आजींची उपासना पंचवीसला सकाळी, शरणपूर रोडच्या संत आंद्रिया चर्चला. घरात यावरून वर्षानुवर्षं एक गोड चकमक चालते, रात्री गाऊन झोपणारे बरे की सकाळी उठून गाणारे? दादा बिचारे दोन्हीकडे गाडी चालवतात. मी काय केलं असेल? दोन्हीकडे गेले! झोप? कसली झोप!

रात्रीबद्दल एवढंच सांगते की थंडी मी म्हणत होती, माणसं दारापर्यंत उभी होती, आणि बाळ गव्हाणीत ठेवल्यावर जी घंटा वाजली त्यासरशी शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात हातात घेऊन "हॅपी ख्रिसमस" म्हटलं आणि मी "तुम्हालाही, तुम्हालाही" म्हणत राहिले. घरी आल्यावर नातवाने मोज्यातून बाळ काढून गव्हाणीत ठेवलं आणि मावळ्याला जरा जवळ सरकवलं.

पण सकाळ! शरणपूर! नवी लुगडी, जुने कोट, नॅप्थालीनच्या गोळ्यांचा वास, पेटी-तबला, आणि मुलांची नाटिका. मेंढपाळांच्या खांद्यावर खरी घोंगडी! योसेफ आणि मेरी दार ठोठावतात, आत जागा आहे का हो? आणि धर्मशाळेचा मालक झालेला पोरगा आपलं वाक्य विसरला. विसरला! सगळे श्वास रोखून. आणि मग तो जोरात म्हणाला, "सगळं बुक आहे! सिंहस्थ झाल्यावर या!" अख्खं चर्च हसलं, पाळकही हसले, मेरी तर इतकी हसली की पोटाला बांधलेली उशी खाली आली!

मी बाहेर येऊन त्या आवारात नुसती फिरत राहिले, कारण आता मला शरणपूरची गोष्ट कळली होती. तुम्हाला माहीत आहे? आपण शरणपूर रोडला तिबेटी मार्केटात स्वेटर घ्यायला जातो, कॅनडा कॉर्नरला खायला जातो, आणि हे कुणी सांगत नाही! 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. आणि इथे कोण राहायचं? आफ्रिकेतली मुलं! अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यांतून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचे आणि त्यांतली कितीतरी इथे, आपल्या नाशकात, शिकायला यायची. अक्षरं, सुतारकाम, लोहारकाम. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन, तोच, आफ्रिका धुंडाळणारा, आपल्याबरोबर जी माणसं घेऊन निघाला त्यांत या शाळेतली नऊ मुलं होती! आणि पुढे त्याच्या शोधात निघालेल्या तांड्याबरोबर इथलाच आणखी एक विद्यार्थी गेला, जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टन 1 मे 1873 रोजी वारला, आजच्या झांबियातल्या एका गावात. तिथे अंत्यविधीची प्रार्थना कुणी वाचली? जेकबने! झाडावर नाव कुणी कोरलं? जेकबने! मग ते शव समुद्रापर्यंत माणसांनी उचलून नेलं, हजार मैलांच्या घरात, आणि जेकब बोटीने पार लंडनला गेला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो होता! नाशिकचा विद्यार्थी! आणि बाकीच्यांपैकी बरेच जण 1875 मध्ये मोंबासाजवळ वसलेल्या फ्रिअरटाउनला गेले.

म्हणजे बघा, त्या मुलांनीही इथे नाताळ केला असणारच की! याच थंडीत! कडकडत! त्यांच्या हातावर कुणी काय ठेवलं असेल, करंजी की अजून काही, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही, पण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. करंजीच.

मी हे सगळं हातवारे करून आजींना सांगत होते आणि त्या म्हणाल्या, "हो, पण आता घरी चला, ताटं भरायचीत."

ताटं! अहो, ताटं! दुपारभर इमारतीत ताटं फिरली. क्रोशाच्या रुमालाने झाकलेली. आजींच्या डोक्यात अख्ख्या इमारतीची यादी. दुसऱ्या मजल्यावर जैन कुटुंब, त्यांना बिनअंड्याचा केक, तोही वेगळ्या भांड्यात केलेला. चौथ्यावरच्या काकांना साखर, त्यांना शेव-चकली. तळमजल्यावर नवं बाळ, म्हणून आईसाठी डिंकाचा लाडू. कुणाचं ताट कुणाला गेलं तर नातवाची खैर नाही! आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे तीच ताटं वर येताना तिळाची वडी, द्राक्षं, गाजराचा हलवा घेऊन येत होती, आणि आजी पुन्हा म्हणत होत्या, "आता यांना काय पाठवू?" हे थांबणार कसं? मी हिशोब करून पाहिला. थांबत नाही!

जेवणात मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी होती. मी त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. हा लेख आमच्या घरी वाचला जातो.

आणि अजून संपलेलं नाही! 31 डिसेंबरला रात्री वॉचनाइट आहे, सरत्या वर्षात काय काय घडलं ते लोक उभं राहून सांगतात, साक्ष देतात, आणि बाराला नवीन वर्ष चर्चमध्येच उजाडतं. आजी यंदा साक्ष देणार आहेत, विषय गुप्त आहे, पण वहिनींचं फुग्यांचं पीठ त्यात येणार असं घरात बोललं जातंय. 6 जानेवारीला उंट पोहोचतील. आत्ता ते कुंडीपाशी आहेत, मी रोज वर जाऊन बघते. आणि मग फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा! यात्रा म्हणजे यात्रा, लांबलांबून माणसं येतात, नवस, मेणबत्त्या, खेळण्यांची दुकानं! मी आत्तापासूनच दादांच्या गाडीत जागा सांगून ठेवलीय. मागच्या सीटवर अजून एक जण मावतो, जरा अंग चोरून बसावं लागेल. तुम्ही येताय ना? द्वारकेला उड्डाणपुलाखाली उभे राहा, आम्ही हॉर्न देऊ. तिथे सगळेच हॉर्न देत असतात, तेव्हा आमचा ओळखा!